आधी उठून पाहा, मग ट्राइक घ्या

आमच्या फ्लॅट स्कीममधले काकाजी ७१ वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी नागपूरच्या फुटाळा तलावाहून परत आले, तेव्हा ते खाली पार्किंगमध्ये पेपर वाचत बसले होते. माझी रिकम्बंट ट्राइक, म्हणजे मागे रेलून चालवायची तिचाकी सायकल, ते रोज बघायचे. त्या दिवशी म्हणाले, "बसून पाहू का, बेटा?" बसले. पाठ मागे टेकली, पाय पॅडलवर गेले आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं की मीच म्हटलं, एक चक्कर मारा. गेटपर्यंत जाऊन आले. मग उतरायची वेळ आली. दोन्ही हात बाजूला टेकले, गुडघे दुमडले, जोर लावला आणि परत सीटवर बसले. पुन्हा जोर, पुन्हा खाली. शेवटी मी आणि चौकीदारानं दोन बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. "बसलो तं मस्त वाटलं बाप्पा," ते म्हणाले, "पण रस्त्यात कुठं उतरा लागलं, तं मले उठवन कोण?"

वर आल्यावर मी टेप घेऊन खाली गेले. माझ्या ट्राइकची सीट जमिनीपासून २७ सेंटीमीटर. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची ४५. जो माणूस खुर्चीतूनही सावकाश उठतो, त्याला मी वीतभर उंचीच्या सीटवर बसवलं होतं.

रिकम्बंट ट्राइक घ्यायची म्हटलं की माणसं वजन विचारतात, गिअर विचारतात, किंमत तर पहिल्याच वाक्यात विचारतात. मला कोणी सल्ला विचारला तर मी आता एकच उलटा प्रश्न करते: तुम्ही किती उंचीवरून, कोणाचा हात न धरता उठू शकता? त्या आकड्यानं निम्मी निवड आपोआप होते.

आराम येतो कुठून

साध्या सायकलवर आपलं सगळं वजन तीन ठिकाणी पडतं: बुडाखालच्या जेमतेम वीतभर सीटवर, तळहातांवर आणि पायांवर. पुढं वाकायचं आणि समोरचं दिसावं म्हणून मान वर उचलून धरायची. तरुणपणी हे खपून जातं. मला मानेचा स्पॉन्डिलोसिस निघाला, तेव्हा वीस मिनिटांत उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. हँडल वर केलं, सीट बदलली, जेलचे हातमोजे घेतले. फरक पडला, पण पुरेसा नाही.

रिकम्बंटमध्ये तुम्ही आरामखुर्चीत बसावं तसे मागे रेलता. पॅडल खाली नसून समोर असतात. वजन पाठ आणि मांड्या मिळून मोठ्या जागेवर पसरतं, हातांना फक्त दिशा द्यायची असते आणि मान जवळपास सरळ राहते. ही नवी कल्पना अजिबात नाही. १९३३ साली पॅरिसच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या मैदानावर, फ्रान्सिस फोर या सायकलपटूनं शार्ल मोशेनं बनवलेल्या दोनचाकी रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी बांधली की रिकम्बंट त्यात बसेना. शर्यतीतून गेली ती दुकानातूनही गेली. आज नागपुरात लोक माझ्या ट्राइककडं वळून बघतात, त्यामागं हे ९० वर्षांपूर्वीचं कारणही आहे.

तिसरं चाक आलं की तोल सांभाळायचं कामच संपतं. सिग्नलला पाय टेकवायचा नाही, चढावर ताशी चार किलोमीटरनं गेलात तरी पडायचं भय नाही. चक्कर येणारे, पक्षाघातातून सावरणारे, पार्किन्सन्स असलेले कितीतरी लोक जगभर याच कारणासाठी ट्राइक वापरतात. अर्थात अशा आजारात आधी आपल्या डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोलायचं. कमरेच्या चकतीचा त्रास असेल तर जास्तच सावध राहा. मागे रेलून पाय समोर ताणलेली बैठक काहींच्या कमरेला सुखाची वाटते, तर काहींची सायटिकेची कळ तिनंच जागी होते. पाच मिनिटं बसून हे कळत नाही, किमान अर्धा तास लागतो.

दोन चाकं पुढं की मागं

तिचाकीच्या दोन जाती. पुढं दोन आणि मागं एक चाक असेल तर ती टॅडपोल, म्हणजे बेडकाचं पिल्लू. पुढून रुंद, मागं निमुळतं. पुढं एक आणि मागं दोन असेल तर ती डेल्टा. आपली सायकलरिक्षा डेल्टाच आहे, फक्त बैठक उभी.

हा फरक समजायला घरातली तिपाई घ्या. तिच्या तीन पायांना जोडणाऱ्या रेघा मनात ओढल्या की जमिनीवर एक त्रिकोण होतो. वरचं वजन त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर तिपाई उभी राहते. ट्राइकचंही तसंच. आता चालती ट्राइक वळणावर ब्रेक लावते तेव्हा काय होतं? ब्रेकमुळं वजन पुढं सरकतं आणि वळणामुळं बाहेरच्या बाजूला. टॅडपोलचा त्रिकोण नेमका पुढंच रुंद असतो, तिथं ते वजन झेलायला चाक हजर असतं. डेल्टा पुढं निमुळती, तिथं एकच चाक. म्हणून उतारावरच्या वळणात डेल्टाचं आतलं मागचं चाक आधी उचलतं. वेग दुप्पट झाला की वळणातली बाहेरची ओढ चौपट होते, हे दोन्ही जातींना लागू. ताशी १० किलोमीटरनं सहज घेतलेलं वळण २० नं घेऊ नका. सायकलसारखं ट्राइकला आत झुकता येत नाही, झुकायचं ते आपल्या अंगानं.

मग डेल्टा कशाला घ्यायची? कारण तिच्यात शिरणं-निघणं सोपं. सीट बहुधा उंच असते आणि बाजूनं मागे सरकून खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. टॅडपोलमध्ये सीटच्या पुढ्यात दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा असतो. त्याच्यापुढं उभं राहून, मागं वाकत वाकत खाली जायचं आणि उठतानाही तसंच. डेल्टा लहान जागेत वळते, मागं पिशव्या ठेवायला ऐसपैस जागा. ताशी १२-१५ किलोमीटरनं सिव्हिल लाइन्सच्या सावलीत फिरणाऱ्या माणसाला डेल्टाचा वळणातला दोष फारसा जाणवणारही नाही. घेताना एवढंच विचारा की पॅडलचा जोर मागच्या एका चाकाला जातो की डिफरन्शियल लावून दोन्हींना. एकाच चाकाला जात असेल तर रेतीवर किंवा ओल्या उतरणीवर ते चाक जागीच फिरू शकतं.

मी टॅडपोल चालवते आणि मला तीच आवडते. पण माझे गुडघे अजून साथ देतात, हेही तितकंच खरं.

विटा आणि पाट

उठण्याची उंची घरीच मोजता येते. एक पाट घ्या, भिंतीला लागून विटांवर ठेवा. आपली वीट साधारण ७ ते ८ सेंटीमीटर उंच, त्यामुळं हिशेब सोपा. सुरुवात खुर्चीच्या उंचीपासून करा आणि एकेक वीट कमी करत जा. बसायचं, पाय समोर लांब करायचे, मग टाचा जवळ ओढून उठायचं. एकदा उठता आलं म्हणून पुढं जाऊ नका. लागोपाठ पाच वेळा, आणि संध्याकाळी थकल्यावर परत पाच वेळा. तासभर पॅडल मारून आलेले पाय सकाळच्या पायांसारखे नसतात. ज्या उंचीवरून दहाही वेळा विनासायास उठलात, ती तुमची सीटची उंची. सोबत कोणीतरी उभं असू द्या, विशेषतः घरातल्या मोठ्यांसाठी हे करत असाल तर.

बाजारात टॅडपोलच्या सीट साधारण २० सेंटीमीटरपासून ५० पर्यंत मिळतात. खालची सीट वळणात स्थिर आणि वाऱ्याला कमी अडणारी, उंच सीट उठायला सोपी पण वळणात लवकर कलणारी. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. काही कंपन्या सीटच्या बाजूला उठताना धरायला दांडे देतात. माझ्या मते ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांनी गिअरवरचे पैसे वाचवून हे दांडे घ्यावेत.

आणि पार्किंग ब्रेक. याबद्दल मी हात जोडून सांगते. सायकल उभी केली की उभी राहते, तिचाकी उतारावर निघून जाते. सेमिनरी हिल्सच्या चढावर एकदा मी पाणी प्यायला थांबले, ब्रेकला अडकवायचा पट्टा लावायचा विसरले आणि उठायला जोर लावला. जोर मागच्या बाजूला गेला, ट्राइक मागं सरकली आणि मी डांबरावर बसले. माकडहाड पंधरा दिवस दुखत होतं. आता हात आधी पट्ट्याकडं जातो, मग पाय खाली येतात. विकत घेताना दोन्ही ब्रेक लॉक करून सीटवरून उठून बघा, चाकं तसूभरही हलता कामा नयेत.

पायाची लांबी, गिअर आणि गुडघे

माणसाच्या उंचीवरून ट्राइकचं माप ठरत नाही. जमिनीवर भिंतीला कंबर टेकवून बसा, पाय सरळ करा, आणि भिंतीपासून टाचेच्या तळव्यापर्यंत मोजा. हे माप विक्रेत्याला द्या. पॅडल ज्या पुढं आलेल्या दांड्याच्या टोकाला असतात त्याला बूम म्हणतात. तो आत-बाहेर सरकवून ट्राइक तुमच्या पायाला जुळवतात. तुमचं माप त्या बूमच्या सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब खुणेच्या मध्ये कुठंतरी यायला हवं. अगदी टोकाला येत असेल तर दुसरं मॉडेल बघा. पॅडल सर्वांत लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बूम जास्त जवळ राहिला तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, जास्त लांब गेला तर मागच्या शिरा ताणतात. बूम हलवला की चेनची लांबीही बदलावी लागते, हे दुकानदार बहुधा नंतर सांगतात.

गुडघ्याचा खरा शत्रू वेगळाच आहे. साध्या सायकलवर फार जोर लावला तर अंग सीटवरून उचलतं, म्हणजे जोराला आपोआप मर्यादा येते. इथं पाठीमागं सीटची भिंत आहे. जड गिअर टाकून त्या भिंतीला रेटा देत पाय ढकलता येतात, आणि तो सगळा भार गुडघ्याच्या सांध्यातून जातो. म्हणून हलका गिअर, भरभर पाय. मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांची सवय लावा. नव्या माणसाला सुरुवातीला हे पाय नुसते फिरवल्यासारखं वाटतं. पहिला महिनाभर तसंच वाटू द्या.

हलका गिअर किती हलका असावा? पुढं ३० दात्यांची चकती आणि मागं ३४ ची धरू. मागचं चाक २० इंची असेल तर पॅडलच्या एका फेरीत ट्राइक साधारण १.३५ मीटर सरकते, २६ इंची असेल तर १.८ मीटर. म्हणजे २० इंची चाकावर मिनिटाला ६० फेऱ्या मारत तुम्ही ताशी पाच किलोमीटरनं सेमिनरी हिल्सचा चढ चढाल, आणि पडणार नाही. चढावर सीटवरून उभं राहून जोर लावायची सोय इथं नाही, म्हणून खालचा गिअर दमदार हवाच. वरचा कितीही असो, आपल्या कामाचा नाही.

पॅडलला टाच धरणारा कप आणि पट्टा लावून घ्या, किंवा बुटाला अडकणारे पॅडल. हा चैनीचा भाग नाही. पाय समोर लटकलेले असतात. एखादा पाय सुटून टाच जमिनीला लागली तर ट्राइक पुढं जातच राहते आणि तिचा आडवा दांडा पायावर येतो. घोटा मोडलेले लोक आहेत. चपला घालून ही गाडी चालवायची नाही, अगदी गल्लीतल्या गल्लीतही नाही.

माझी पहिली ट्राइक, जी भंगारात गेली

आयात परवडत नाही म्हणून मी आधी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये ट्राइक बनवून घेतली होती. वेल्डिंग चांगलं होतं, रंग सुंदर होता. पण पुढचे टायर तीनशे किलोमीटरच्या आत कापडापर्यंत झिजले आणि वळणावर रबर घासल्याचा आवाज यायचा. तेव्हा कळलं की दोन पुढची चाकं एकाच कोनात वळवली तर चालत नाही.

वळणात आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांत १ मीटर अंतर, पुढच्या दोन चाकांत ७५ सेंटीमीटर, आणि ३ मीटर त्रिज्येचं वळण धरलं, तर आतलं चाक साधारण २१ अंश वळायला हवं आणि बाहेरचं साडेसोळा. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक फरफटत जातं. यावरचा उपाय घोडागाडीच्या काळातला आहे. रुडॉल्फ ॲकरमननं १८१८ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि आजही त्याला ॲकरमन स्टिअरिंगच म्हणतात. चाकांना जोडणारे दांडे थोडे तिरके लावले की आतलं चाक आपसूक जास्त वळतं.

दुसरी गोष्ट, सरळ जाताना दोन्ही चाकं एकमेकांना समांतर हवीत. चाकाच्या आसाच्या उंचीवर, पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर टेपनं मोजा. दोन्ही सारखी हवीत, किंवा पुढचं अंतर एक-दोन मिलिमीटर कमी. माझ्या त्या ट्राइकमध्ये फरक ११ मिलिमीटरचा होता. जुनी ट्राइक घेत असाल तर पुढच्या टायरवर हात फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर चाकं समांतर नाहीत. हे जुळवता येतं, त्यासाठी सौदा मोडू नका, पण टायरचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

स्थानिक कारागिराकडून बनवूच नका असं मी म्हणणार नाही. डेल्टा बनवून घेता येते, कारण पुढं एकच चाक आणि गणित सोपं. टॅडपोलसाठी मात्र ज्यानं आधी एक बनवली आहे आणि ती तुम्हाला चालवायला देतो, त्याच्याकडंच जा.

आपले रस्ते, आपलं ऊन

खड्ड्यातून कार नेताना आपण तो दोन चाकांच्या मध्ये घेतो. सायकलच्या चाकांची तर रेघच एक. ट्राइकच्या रेघा तीन: पुढच्या दोन चाकांनी खड्डा चुकवला की मागचं मधलं चाक बरोबर त्यात जातं. नागपुरात आता सिमेंट रोड पुष्कळ झाले, त्यावर खड्डे कमी, पण जोडांचे धक्के आणि कडेला रोड संपून गट्टू सुरू होतात तिथली उतरंड त्रास देते. एक चाक सिमेंटवर आणि एक गट्टूंवर अशी ट्राइक चालवू नका, ती सतत एका बाजूला ओढते. टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद घ्या आणि त्यात हवा कडक भरू नका. सस्पेन्शनचे पैसे असतील तर सुख आहे. नसतील तर रुंद टायर आणि जाळीची सीट मिळून बरंच काम होतं.

स्पीड ब्रेकरचं प्रकरण वेगळं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. एवढ्या रुंदीत तो इतका अलगद चढतो की ट्राइकच्या चाकांमधल्या मीटरभर अंतरात फुगवटा सेंटीमीटरभरही भरत नाही. अडचण गल्लीतल्या घरगुती ब्रेकरची. आमच्या मागच्या लेनमधला मी सुतळी ताणून मोजला: रुंदी दीड फूट, उंची १३ सेंटीमीटर. असा उंचवटा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आला की फ्रेमचा पोटाकडचा भाग त्यावर टेकतो. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट ब्रेकर मोजून घ्या आणि ट्राइकच्या सर्वांत खालच्या भागाखाली किती जागा आहे, तेही मोजा. तुम्ही सीटवर बसल्यावर मोजा, कारण सस्पेन्शन दबतं.

घराचा दरवाजाही मोजा. पुढच्या चाकांची रुंदी ७० ते ८५ सेंटीमीटर, लांबी सहा फुटांच्या वर. लिफ्टमध्ये बहुधा मावत नाही. दुमडणारी घेतलीत तरी ती १८-२० किलोची गाठोडी रोज उचलायची का, हे आधी ठरवा. मी खाली पार्किंगमध्ये, खांबाला साखळी घालून ठेवते.

मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो. ट्राइकवर तुम्ही डांबराच्या जवळ असता, तोंड वर आणि ऊन समोर. सहाला निघून साडेसातच्या आत घरी, हा माझा उन्हाळ्याचा नेम. हेल्मेटला पुढं छज्जा हवाच. सीट जाळीचीच घ्या. टणक कवचाची सीट जोर लावायला चांगली, पण आपल्या हवेत पाठीमागं घामाचं तळं होतं. आणि एक गोष्ट जी परदेशातल्या कुठल्याही माहितीपत्रकात नसते: दुपट्टा. आपण नागपूरकर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधतो, त्याची टोकं मागं सोडतो. टॅडपोलमध्ये दोन्ही चाकं हातांच्या बाजूला, कोपराच्या पातळीवर फिरत असतात. सुटं टोक, ओढणी, पदर आऱ्यांत गेला तर गळ्याला फास बसतो. टोकं शर्टाच्या आत खोचा. मी सलवारीची मोहरीसुद्धा पट्टीनं बांधते.

दिसण्याचा प्रश्न सगळे विचारतात. कारवाले अनोळखी आकार पाहून उलट लांबून जातात, हा माझा अनुभव आहे. भीती मोठ्या गाड्यांची. ट्रक किंवा बसच्या नाकासमोर, डाव्या बाजूला ट्राइक ड्रायव्हरला दिसतच नाही. सिग्नलला तिथं कधीच थांबायचं नाही. पाच-सहा फूट काठीवर नारिंगी झेंडा, दिवसाही लुकलुकणारा मागचा लाल दिवा आणि दोन्ही बाजूंना आरसे. आरसे एवढ्यासाठी की रेललेल्या अंगानं मान वळवून मागं बघता येत नाही.

पैसे आणि पार्सल

परदेशात टेराट्राइक, कॅट्राइक, ब्रिटनची आयसीई, जर्मनीच्या एचपी व्हेलोटेक्निक आणि हासे, झेक प्रजासत्ताकातली अझुब अशी नावं भरवशाची आहेत. साधी टॅडपोल दीड हजार डॉलरच्या आसपास सुरू होते, चांगल्या सस्पेन्शनची पाच हजारांच्या पुढं जाते. पण आपल्याला लागणारी किंमत ती नाही. सीमाशुल्क वस्तूची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागतं, आणि त्या सगळ्यावर जीएसटी. सायकलींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. भाड्याचा फटका मात्र लोकांना कळत नाही. विमानानं येणाऱ्या पार्सलचं वजन काट्यावर कमी भरलं तर कुरिअरवाले आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. १२० बाय ८० बाय ६० चं खोकं म्हणजे ११५ किलो, आत ट्राइक २० किलोची असली तरी. म्हणून समुद्रमार्गाचा भाव आधी घ्या आणि कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून एकूण आकडा लेखी मागा, मगच पैसे पाठवा.

मी दुसऱ्यांदा घेतली ती वापरलेली, परदेशातून सामानासकट परत आलेल्या एका कुटुंबाकडून. दोन वर्षं वाट पाहिली. आपल्याकडं हाच मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

सुट्या भागांत टायरचं माप बघा. टायरच्या कडेवर ४०६ हा आकडा असेल तर निश्चिंत. तो २० इंची बीएमएक्सचा आकार आणि त्याची ट्यूब आपल्याकडं लहान मुलांच्या सायकलींमुळं सहज मिळते. ४५१ लिहिलं असेल तर तेही २० इंचीच म्हणवतं, पण एकमेकांना बसत नाही, आणि इथं टायर शोधत फिरावं लागेल. टॅडपोलची पुढची चाकं एकाच बाजूनं आसावर बसवलेली असतात, त्यामुळं पंक्चर काढायला चाक खोलावंच लागत नाही. आमचा पंक्चरवाला पहिल्यांदा हे पाहून खूश झाला होता. चेन साध्या सायकलच्या अडीच-तीन पट लांब लागते आणि मध्ये तिला वळवणारी पुली असते. पुली गोल फिरते का, तिचे दाते झिजलेत का, हे बघा. पुढं कधी मोटर लावायचा विचार असेल तर ती मागच्या चाकात किंवा पॅडलजवळ बसेल. एकाच बाजूनं धरलेल्या पुढच्या चाकात बाजारातली साधी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी मोटर, बसत नाही.

पैसे देण्याआधी चालवून बघायला मिळालंच पाहिजे, निदान तासभर. मोकळ्या जागेत ताशी दहाच्या वेगानं दोन्ही ब्रेक एकदम दाबा, मग एकेक. एका ब्रेकनं ट्राइक जोरात बाजूला ओढली जात असेल तर स्टिअरिंगची जुळणी चुकलेली आहे. हँडल सैल धरून सरळ जाऊ द्या, ती सरळच गेली पाहिजे. मग अर्धा तास नुसतं फिरा आणि उतरल्यावर पायाचे अंगठे बधिर झालेत का बघा. झाले असतील तर पॅडल पायांच्या मानानं फार उंच आहेत. सीटखालच्या मांसाला एका जागी दुखत असेल तर सीटचा कोन बदलून पुन्हा बसा.

काकाजींसाठी आम्ही पार्किंगमध्ये विटा रचल्या होत्या. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, त्यांचा आकडा ४३ निघाला. म्हणजे माझ्यासारखी टॅडपोल बाद. डेल्टा किंवा धरायच्या दांड्यांसह उंच सीटची टॅडपोल, एवढ्यातच शोधायचं. त्यांची लेक पुण्याला असते, तिनं तिथं एक वापरलेली डेल्टा पाहून ठेवली आहे. दिवाळीत जातील तेव्हा बसून, आणि मुख्य म्हणजे उठून बघतील. टेप त्यांनी आत्ताच बॅगेत टाकला आहे.